चंद्रावर यान, डोंगराखाली गाव: अवकाशावर सरकारी पैसा खर्च करावा का?

आंबेगावची_बाई | २४ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:१०

काल शाळेत राष्ट्रीय अंतराळ दिवस केला. शनिवारची सकाळची शाळा, बाहेर पावसाची भुरभुर. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरला तो व्हिडिओ मी माझ्या फोनवरच दाखवला. एवढ्याशा पडद्याभोवती ३८ डोकी. व्हिडिओत टाळ्या वाजल्या तशा आमच्या वर्गातही वाजल्या. मग पाचवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, उपग्रहाला वरून सगळं दिसतं ना? मग माळीणचा डोंगर येतोय हे त्यानं का नाही सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात शिकवते. माळीण इथून लांब नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गाडली गेली. जगाला ती बातमी दिली एसटीच्या ड्रायव्हरनं. रोजच्या रस्त्यानं गाडी घेऊन आला आणि बघतो तर गाव जागेवर नाही. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती, पण इथल्या घराघरात ती सकाळ अजून सांगतात.

यंदा त्याच ३० जुलैला, बरोबर अकरा वर्षांनी, श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह सुटला. जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी टिपेल, असं त्याच्याबद्दल वाचलं. तारखा जुळल्या हा योगायोगच, पण त्या दिवशी मला घास गेला नाही.

आता पैशाचं. पोषण आहाराची नोंदवही माझ्याकडे आहे. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. तांदूळ वेगळा, पण डाळ, तेल, भाजी, मसाला, जळण सगळं त्यात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेला १२,५०० कोटी आहेत आणि अवकाश विभागाला १३,४१६ कोटी. म्हणजे देशभरातल्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या जेवणाला केंद्र जे देतं त्यापेक्षा जरा जास्तच.

मी इस्रोच्या विरोधात नाही. चांद्रयान-२ चं लँडर कोसळलं त्या रात्री मी रडले होते. पण त्या मुलीला काय सांगू, ते इथल्या जाणत्यांनी सांगावं.

हिशेबनीस | २४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

बाई, आकडे बरोबर आहेत, पण ते ज्या आकड्यांशेजारी ठेवाल तसे दिसतात. केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी. अवकाश विभागाचा वाटा हजार रुपयांतले दोन रुपये पासष्ट पैसे. रोजगार हमीला ८६,००० कोटी. एकट्या मुंबई महापालिकेचा यंदाचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी, म्हणजे इस्रोच्या साडेपाच पट. मुंबईच्या किनारी रस्त्यावर जेवढे पैसे लागले, जवळपास तेवढ्यात इस्रोचं एक वर्ष निघतं.

दरडोई पाहिलं तर वर्षाला साधारण ९५ रुपये. तुमच्याच हिशेबानं, एका मुलाची चौदा दिवसांची जेवणं.

आणि खरी गोष्ट अशी की इस्रोला उद्या टाळं लावलं तरी ते पैसे तुमच्या शाळेच्या डाळीत येणार नाहीत. पोषण आहाराचा दर कमी आहे, कारण तो वाढवावा असा दबाव कोणी आणत नाही. तो दबाव आणायला चंद्राला मध्ये घ्यायची गरज नाही.

प्रवराकाठ | २४ ऑगस्ट, दुपारी १:३०

टक्केवारीनं समाधान होणारं माणूस मी नाही. आणि खर्च फक्त रुपयात मोजू नका.

मी संगमनेरचा. पुणे-नाशिक रेल्वेची वाट आमच्या दोन पिढ्या बघतायत. चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा मार्ग आखला होता. मग समजलं की नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीला रेल्वेचा अडथळा होतो, आणि खुद्द रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलायचं सांगितलं. आता गाडी शिर्डीकडून वळवायची भाषा आहे. जुन्नरचा टोमॅटो, आमचा कांदा, चाकणला रोज कामाला जाणारी पोरं, सगळे पुन्हा हायवेच्या कोंडीत. चंदनापुरी घाटात अडकलेल्या गाडीत बसून कोणाला विचारा, विश्वाच्या उत्पत्तीचं मोल काय. हा खर्च कुठल्या अर्थसंकल्पात लिहिलाय?

अगस्ती | २४ ऑगस्ट, दुपारी २:०५

+१ प्रवराकाठ. विज्ञानाला विरोध नाही, पण किंमत नेहमी त्याच लोकांनी मोजायची हे बरोबर नाही.

रेडिओलहर | २४ ऑगस्ट, रात्री ९:२०

मी खोडदच्या दुर्बिणीवर मिळालेल्या निरीक्षणांवर पीएचडी करते. प्रवराकाठ, तुमचा राग मला समजतो, म्हणून सविस्तर लिहिते.

जीएमआरटी, म्हणजे खोडदची ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. चौदा मध्यभागी खोडदला, सोळा तीन फांद्यांवर, पसारा २५ किलोमीटरचा. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, कारण डोंगरांनी शहरांचा रेडिओ गोंगाट अडवला होता. आम्ही जे ऐकतो ते इतकं क्षीण असतं की जवळचा एक बिघडलेला ट्रान्सफॉर्मरसुद्धा ते गिळून टाकतो. विजेवरची गाडी धावताना तारेवर ठिणग्या पडतात, आणि आमच्या कामाच्या लहरींवर त्याच मोठ्यानं ओरडतात. दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येत नाही.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या साध्या, अशक्त रेडिओचा आवाज कोट्यवधी किलोमीटरवरून खोडदनं पकडला. यान शेवटी आदळलं, पण उतरता उतरता कुठवर जिवंत होतं हे टोमॅटोच्या शेतांमधल्या या तबकड्यांनी ऐकलं. २०२३ मध्ये अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरातल्या गटांनी मांडले, त्यातही खोडदची निरीक्षणं आहेत.

पण एक मान्य करते. आसपासच्या गावांवर उद्योगांची बंधनं आहेत आणि त्या बदल्यात गावांना काय मिळालं, याचं उत्तर आमच्याकडे पुरेसं नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी हजारो मुलं दुर्बीण बघायला येतात, तो दिवस आमचा सगळ्यात सुंदर. एका दिवसानं मात्र रेल्वेची भरपाई होत नाही. ज्या तालुक्यानं शांतता दिली त्याला दुसऱ्या मार्गानं काही तरी द्यायला हवं होतं, आणि ते योजनेतच लिहायला हवं होतं.

प्रवराकाठ | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, इतकं मोकळेपणानं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गाडी हवी ती हवीच, त्यावर मी ठाम आहे. पण ठिणग्यांचं कारण आज पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे सभेत सांगितलं गेलं ते एवढंच: "तांत्रिक अडचण".

विक्रोळीचा_फिटर | २५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मी ३४ वर्षं विक्रोळीला यंत्रशाळेत काढली. विकास इंजिनाचे भाग आमच्या हातून गेले आहेत. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा दुसरा टप्पा ज्यावर उडतो ते हे इंजिन.

लोक चंद्राचा खर्च म्हणतात तेव्हा मला वाटतं, यांना पैसे वर जाऊन जळताना दिसतात. पैसे वर जात नाहीत. वर धातू जातो. पैसे विक्रोळीत, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, हैदराबादला, कोइंबतूरला पगार होऊन राहतात. वालचंदनगरला तर रॉकेटच्या मोटारीची आवरणं बनतात, उसाच्या गावात.

दुसरी गोष्ट शिस्तीची. नळीच्या एका जोडाचा एक्स-रे काढायचा, केसाएवढा डाग दिसला तर जोड कापून पुन्हा करायचा. कोणी ओरडत नसे, पण कोणी सोडतही नसे. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे बॉयलर, रिअ‍ॅक्टर, औषधांच्या टाक्या अशा कामांना लागली, आणि तीच नजर घेऊन गेली.

बैलगाडीवरच्या उपग्रहाचा तो जुना फोटो सगळ्यांनी बघितला असेल. अ‍ॅपल उपग्रह, १९८१. "बघा किती गरिबीत केलं" म्हणून तो फिरवतात. पण ती गाडी गरिबीमुळे नव्हती. अँटेनाची चाचणी घ्यायला आजूबाजूला धातू नको होता, म्हणून लाकडी गाडी आणली. डोकं होतं ते, दारिद्र्य नव्हतं.

सोयाबीन_हिंगोली | २५ ऑगस्ट, सकाळी ९:०५

फिटरकाका, तुमच्या हातांना नमस्कार. पण पगाराचा मुद्दा मला पटला नाही. सरकार कशावरही खर्च करो, कोणाला तरी पगार मिळतोच. तलाव खोदला तरी मिळतो, आणि तलाव राहतोही.

माझं सांगतो. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे अतिवृष्टी झाली. चार एकर सोयाबीन तीन दिवस पाण्यात. विम्याची तक्रार ७२ तासांत करायची होती, ती केली, फोटो चढवले. पाहणीला माणूस आला तेव्हा पाणी ओसरलं होतं. नुकसान त्यानं इतकं कमी लिहिलं की मिळालेल्या पैशात फवारणीसुद्धा निघाली नाही. मी म्हणालो, "दादा, ढगातूनही बघणारे रडारचे उपग्रह आहेत ना आपल्याकडे? त्या तीन दिवसांचा फोटो काढा की." तो म्हणाला, "ते आमच्या कामात येत नाही."

कंपनीचं नाव घेत नाही. मुद्दा असा, की फोटो आहे. नागपूरला महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र आहे, दिल्लीत २०१२ पासून पीक अंदाजाचं महालनोबिस केंद्र आहे. वरून बघणारे डोळे आहेत, पण ते बघणं माझ्या गट नंबरापर्यंत येत नाही. उपग्रहाला पैसे आहेत आणि तलाठ्याच्या टेबलावर साधा नकाशा उघडायला पैसे नाहीत.

त्यात भर म्हणजे १८ मे ला पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा फसला आणि रडारचाच ईओएस-०९ उपग्रह गेला. अपयश येतं, त्याला माझी ना नाही. शेतीत आमचं दर दोन वर्षांनी येतं. पण चौकशीचा अहवाल लोकांसमोर का नाही? पैसा लोकांचा आहे तर चूकही लोकांना वाचू द्या.

हिशेबनीस | २५ ऑगस्ट, सकाळी १०:३०

अहवालाबद्दल शंभर टक्के सहमत. आणि एक दुरुस्ती माझ्याच बाजूची: "एक रुपया घातला की अडीच रुपये परत येतात" असं अवकाशाबद्दल सांगतात. तो अभ्यास इस्रोनंच करून घेतलेला आहे. दिशा बरोबर असेलही, पण ज्याचं खातं त्यानंच तपासून आणलेलं, म्हणून मी तो पुरावा इथे वापरत नाही.

"सिनेमापेक्षा स्वस्तात मंगळ" हेही बंद व्हायला हवं. मंगळयान ४५० कोटींत झालं हे मोठंच काम. पण स्वस्त म्हणजे आपोआप योग्य असं नाही, आणि आपल्याकडच्या स्वस्ताईत तंत्रज्ञांच्या कमी पगाराचा वाटा मोठा असतो.

हर्णैकर | २५ ऑगस्ट, दुपारी ४:५०

आमच्या घरी तीन पिढ्या समुद्रावर. मी स्वतः बोटीवर जात नाही, बर्फाचा धंदा बघतो, पण भावाची बोट आहे.

आजोबा तांडेल होते. मासा कुठे आहे हे पक्षी, पाण्याचा रंग आणि वास यावरून ओळखत. आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून माशांच्या संभाव्य जागा येतात. उपग्रह समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ बघतो; गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं तिथे मासा जमतो. अक्षांश-रेखांश येतात, भाऊ तिकडे वळतो, डिझेल वाचतं. आजोबा असते तर म्हणाले असते, हे तर मी बघायचोच, फक्त मला दहा मैल दिसायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आलं. आमच्याकडे नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, छपरं उडाली, दापोली-मंडणगडात महिनाभर वीज नव्हती. पण दोन दिवस आधीपासून लोकांना माहीत होतं. बोटी खाडीत नेऊन बांधल्या होत्या. १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळानं दहा हजारांच्या आसपास माणसं नेली. तिथेच २०१३ ला फायलिन आलं, लाखो लोक आधी हलवले होते, मृत्यू काही डझनांत मोजण्याइतके. वर उपग्रह आणि खाली गाडी घेऊन फिरणारा माणूस, दोघं होते म्हणून.

उलट उदाहरणही आमच्याच समुद्रातलं. मे २०२१, तौक्ते. इशारे दिलेले होते. तरी मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा माणसांसकट राहिला, बुडाला, सत्तरावर लोक गेले. उपग्रहानं त्याचं काम केलं होतं.

आणखी एक सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. माशाची जागा सगळ्यांनाच कळते. मोठ्या पर्ससीन जाळ्याच्या बोटवाल्यालाही, बंदी असून दिवे लावून मासे ओढणाऱ्यालाही. छोटा होडीवाला तिथे पोहोचेपर्यंत जागा रिकामी. माहिती फुकट असली तरी तिचा फायदा ज्याचं इंजिन मोठं त्याला.

सातासमुद्रापार | २६ ऑगस्ट, पहाटे ५:१५

मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत २२ वर्षं. हा प्रश्न इथेही जुनाच आहे. अपोलो-११ सुटायच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, राल्फ अ‍ॅबरनॅथी हे कृष्णवर्णीय नेते गरीब कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्या घेऊन केनेडी अवकाश केंद्रावर गेले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते सहकारी. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. पेन म्हणाले की उद्या बटण न दाबून गरिबी हटणार असेल तर मी ते दाबणार नाही. अ‍ॅबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली, आणि त्यातल्या काही कुटुंबांना प्रक्षेपण बघायला आत घेतलं गेलं.

मला त्या भेटीत सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, की प्रमुख बाहेर आला. १९६६ मध्ये नासाचा वाटा अमेरिकेच्या सरकारी खर्चाच्या ४.४ टक्के होता, आज अर्ध्या टक्क्याच्याही खाली. खर्च कमी झाला म्हणून इथली गरिबी गेली असं बावीस वर्षांत मला तरी दिसलं नाही. यंदा तर नासाचा विज्ञानाचा खर्च जवळपास निम्मा करायचा प्रस्ताव आहे. वाचलेला पैसा शाळांना मिळणार, असं मात्र कोणी म्हणत नाही.

ज्येष्ठा | २६ ऑगस्ट, सकाळी ८:५०

इथे दोन गोष्टी एकत्र होतायत. हवामान, मासेमारी, पिकं, दूरसंचार हे एक. चंद्र, मंगळ, अंतराळवीर हे दुसरं. पहिल्याबद्दल इथे कोणाचंच भांडण दिसत नाही.

विक्रम साराभाईंनी स्वतः ही रेघ ओढली होती. केरळातल्या थुंब्याच्या चर्चमध्ये ऑफिस होतं, २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं, तेही अमेरिकेनं दिलेलं. गरीब देशाला हे कशाला, असं विचारणाऱ्यांना ते सांगत की चंद्र, ग्रह किंवा माणसाला अवकाशात पाठवणं यात श्रीमंत देशांशी स्पर्धेचं स्वप्न आम्ही बघत नाही; पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना प्रगत तंत्र लावण्यात आम्ही कोणाच्या मागे राहता कामा नये. १९७५-७६ चा साइट प्रयोग त्याच विचाराचा: सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही, शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम. त्यामागे आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. पुण्याचे वसंत गोवारीकर रॉकेटच्या इंधनातून पुढे मान्सूनच्या अंदाजाकडे वळले. हा वारसा आहे.

आता माणसाला अवकाशात नेणाऱ्या गगनयानाकडे बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा एकूण खर्च २०,१९३ कोटींवर नेला, त्यात अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आहे. चांद्रयान-३ झालं ६१५ कोटींत. म्हणजे ३२ चांद्रयानं. माणूस वर पाठवला की हवा, पाणी, परतीची सोय, सुटकेची सोय, सगळा पैसा त्याला जिवंत ठेवण्यात जातो. अंतराळवीर शुभांशु शुक्ला अवकाशातून परत आले तेव्हा मलाही आनंद झाला. पण विज्ञान हवं असेल तर यंत्र पाठवा. माझ्या मते गगनयान हा अभिमानावरचा खर्च आहे, आणि अभिमानाची किंमत अभिमान म्हणूनच मांडली जावी.

विक्रोळीचा_फिटर | २६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

ज्येष्ठा, साराभाई गेले १९७१ ला. तेव्हा आपलं स्वतःचं रॉकेटसुद्धा उपग्रह सोडत नव्हतं. त्या वेळी जे स्वप्न बघू नये असं वाटलं ते आजही बघू नये, असं कसं म्हणता? घर बांधताना बाप म्हणतो, माडी नको, आधी जोतं भरू. जोतं भरलं की मुलगा माडी बांधतो, यात बापाचा शब्द मोडत नाही.

रेडिओलहर | २६ ऑगस्ट, सकाळी ११:००

आणि "उपयोगाचं" आणि "कुतूहलाचं" यांच्यात इतकी सरळ रेघ नसते. चांद्रयान-१ नं २००८ मध्ये नासाचं एक उपकरण नेलं, त्यातून चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा सापडल्या. त्या सहकार्यानं विश्वास तयार झाला. निसारमध्ये एक रडार अमेरिकेचं आणि एक आपलं आहे, आणि माहिती सगळ्या जगाला फुकट मिळणार आहे. निव्वळ उपयोगाचंच करत बसलो असतो तर ही भागीदारी झाली असती का, मला शंका आहे.

गगनयानाबद्दल मात्र ज्येष्ठाशी मी बरीचशी सहमत आहे. तेवढ्या पैशांत किती दुर्बिणी झाल्या असत्या हा विचार आमच्यातल्या अनेकांच्या मनात येतो.

सोयाबीन_हिंगोली | २६ ऑगस्ट, दुपारी १:१०

आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया होणार आहे. २,६०० कोटी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची थरथर मोजायला. त्याचा मला एका दाण्याचा उपयोग नाही आणि तरी मला ते हवं आहे. आमच्या जिल्ह्याचं नाव आजवर दुष्काळ, आत्महत्या आणि स्थलांतर यांच्यासोबतच छापून आलं. माझ्या पुतण्यानं विचारलं, काका, ते यंत्र चालवायला काय शिकावं लागतं? हा प्रश्न आमच्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता.

काल मी तावातावानं लिहिलं. ते मागे घेत नाही. विम्याचा फोटोही हवा आणि लायगोही हवं.

काळा_पाषाण | २६ ऑगस्ट, रात्री ८:४०

बाई, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला सरळ उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून लिहितो. मी भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. सह्याद्रीतल्या दरडी हा माझा विषय.

आपल्या डोंगरात खाली काळा कातळ आणि वर झिजलेल्या दगडाचा, मातीचा थर. चार-पाच दिवस धो-धो पाऊस झाला की वरचा थर पाणी पिऊन जड होतो, खालच्या कातळावरून त्याची पकड सुटते आणि उतार एकदम खाली येतो. काही तास, कधी काही मिनिटं.

निसार दर बारा दिवसांत एका जागेवरून दोनदा जाईल. त्याच्या एका रडारची लहर २४ सेंटिमीटरची, ती पानांच्या दाटीतूनही जमिनीपर्यंत पोहोचते. वर्षानुवर्षं हळूहळू सरकणारा उतार तो नक्की दाखवेल, आणि हे फार मोठं काम आहे. पण जो उतार आधी हललाच नाही आणि एका रात्रीत सुटला, तो त्याला आधी दिसणार नाही. शिवाय आपल्या उभ्या कड्यांमागे रडारची सावली पडते. माळीणच्या वेळी निसार असता तरी "उद्या सकाळी पडेल" असं त्यानं सांगितलं नसतं. मुलीला हेच सांगा, खरं सांगा.

उपग्रहानं एक मात्र होतं: कुठले उतार धोक्याचे याची यादी. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं २०२३ मध्ये देशातल्या सुमारे ८०,००० दरडींचा नकाशासंग्रह काढला. त्याच वर्षी १४ जुलैला चांद्रयान-३ सुटलं आणि पाच दिवसांनी, १९ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. नकाशा करणारे, यादी करणारे आणि वाडीत राहणारे हे तीन वेगळे लोक आहेत, आणि त्यांची भेट होत नाही.

शेवटचे काही तास जो इशारा देऊ शकतो तो म्हणजे पाऊस मोजणारा माणूस. खालच्या गावातला पाऊस आणि कड्यालगतचा पाऊस यात दुप्पट-तिप्पट फरक असतो. पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी असून भागत नाही, वाडीत हवा. बाकी खुणा तुमच्या मुलांना शिकवा: जमिनीला नव्या भेगा, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, घराची दारं एकाएकी अडकायला लागणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं. यातलं काही दिसलं तर रात्र घरात काढायची नाही.

आंबेगावची_बाई | २८ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

गणपतीच्या गडबडीत उशीर झाला. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पाषाणसर, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

माझं मत काय झालं ते सांगते. अवकाशावरचा खर्च पोरांच्या ताटातून ओढलेला आहे असं मी आता म्हणणार नाही. हिशेबनीसांनी ते पटवलं. पण त्याच आकड्यांनी माझं दुसरं म्हणणं घट्ट झालं. हर्णैकरांची होडी, हिंगोलीचा गट नंबर, इर्शाळवाडीची यादी, खोडदच्या आसपासची गावं, सगळीकडे एकच भोक आहे. वरपर्यंत पोहोचायला पैसे आहेत, वरून खाली पोहोचवायला नाहीत. निसारची माहिती फुकट आहे म्हणतात. आमच्या ग्रामसेवकाला ती उघडता येते का? प्रत्येक मोहिमेच्या मंजुरीतच एक रक्कम लिहिलेली असावी, ही माहिती वाडीपर्यंत नेणाऱ्या माणसांच्या पगाराची आणि प्रशिक्षणाची. यंत्रांची नव्हे, माणसांची. ती नसेल तर मोहीम अर्धीच मंजूर झाली असं मी धरीन. गगनयानावर माझं मन अजून ठरत नाही. फिटरकाकांची माडी आवडली, पण आमच्याकडे जोतं अजून ओलं आहे.

आमच्या पुणे जिल्हा परिषदेनं आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीनं परीक्षा घेऊन ७५ मुलं निवडायचं ठरवलं आहे, ५० इस्रोला आणि २५ नासाला न्यायला. यावरही शिक्षकांत दोन तट आहेत. मी न्यावं या बाजूची आहे. माझ्या वर्गातल्या मुलीनं भीमाशंकरच्या पलीकडचं काही बघितलेलं नाही.

पाषाणसर, एक विचारायचं आहे. सरकारी पर्जन्यमापक मिळेपर्यंत घरचा चालेल का?

काळा_पाषाण | २८ ऑगस्ट, रात्री ९:००

चालेल. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं. उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे शिंतोडे उडून आत जाणार नाहीत. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मिलिमीटर मोजा, पाणी ओतून द्या. हवामान खातं साडेआठलाच मोजतं, त्यामुळे तुलना करता येईल. सुट्टीच्या दिवशीही मोजा, खंड पडला की नोंदीचा जीव जातो.

प्रवराकाठ | २९ ऑगस्ट, सकाळी ७:२५

बाई, नीट खुणा केलेला काचेचा पर्जन्यमापक लागला तर सांगा. संगमनेरला शेती साहित्याच्या दुकानात मिळतो. नारायणगावपर्यंत मी आणून देतो.

आंबेगावची_बाई | ३० ऑगस्ट, सकाळी ९:१०

प्रवराकाठदादा, आणाच. सध्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर बिस्किटांचा जुना गोल डबा ठेवला आहे. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता तिच्याकडे पट्टी आणि वही दिली. आज साडेआठला तिनं पहिली नोंद केली: ४१ मिलिमीटर. लगेच विचारलं, "बाई, किती झाला की घाबरायचं?"

पाषाणसर, आमच्या उतारासाठी हा आकडा कसा काढायचा?